जर्दाळूची लिक्युअर आणि तिची कॉकटेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षं मी बारमागे उभा आहे. तेवढ्या काळात समोर बसलेल्या पाहुण्यांनी, परदेशातून बाटली घेऊन आलेल्या नातेवाइकांनी आणि घरी शेकर घेऊन प्रयोग करणाऱ्या मित्रांनी या एका बाटलीबद्दल जेवढं विचारलं, तेवढं दुसऱ्या कुठल्याच बाटलीबद्दल विचारलं नाही. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फळांच्या लिक्युअरांमध्ये ही माझी सगळ्यात आवडती, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

लिक्युअर आणि लिकर एकच का?

नाही. दुकानाच्या पाटीवर जे 'लिकर' असतं त्यात रम, व्हिस्की, जिन अशी सगळीच दारू आली. लिक्युअर म्हणजे साखर घातलेलं, फळाचा, मसाल्याचा किंवा बियांचा स्वाद दिलेलं मद्य. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिक्युअरमध्ये लिटरमागे साधारण 100 ग्रॅम तरी साखर लागते आणि मद्यार्क किमान 15 टक्के. प्रत्यक्षात जर्दाळूच्या बहुतेक बाटल्यांमध्ये साखर याहून बरीच जास्त असते आणि मद्यार्क 20 ते 30 टक्क्यांच्या आसपास.

माझ्या बाटलीवर 'अॅप्रिकॉट ब्रँडी' लिहिलं आहे. मग ही ब्रँडी की लिक्युअर?

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जर्दाळूच्या नावाने बाजारात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली म्हणजे जर्दाळू आंबवून, भट्टीतून काढलेलं मद्य. पाण्यासारखं पारदर्शक, बिनसाखरेचं आणि कडक. हंगेरीत त्याला बाराट्स्क पालिंका म्हणतात आणि केचकेमेट गावाची पालिंका त्यासाठी प्रसिद्ध आहे. पालिंका हे नाव कायद्याने राखलेलं आहे. हंगेरीबाहेर ते फक्त ऑस्ट्रियाच्या चार प्रांतांना वापरता येतं, तेही केवळ जर्दाळूच्या मद्यासाठी. तिच्यात मद्यार्क किमान 37.5 टक्के असतो आणि साखर अजिबात नसते.

दुसरी म्हणजे आपली लिक्युअर. केशरी-सोनेरी, दाट, गोड. गंमत अशी की युरोपात या गोड बाटलीवरही 'अॅप्रिकॉट ब्रँडी' छापायला कायद्याने परवानगी आहे, कारण हे नाव फार जुनं आणि रुळलेलं आहे. अमेरिकेत मात्र त्याच दोन शब्दांचा अर्थ जर्दाळूपासून काढलेली खरी ब्रँडी असा होतो.

त्यामुळे जुन्या कॉकटेलच्या कृतीत 'अॅप्रिकॉट ब्रँडी' दिसली की जवळजवळ नेहमी गोड लिक्युअर समजायची. तिथे पालिंका ओतली तर पेय कडू आणि जळजळीत होईल. बाटली कुठली ते ओळखायला दोनच खुणा बघायच्या: मद्यार्क 30 च्या खाली आणि रंग सोनेरी असेल तर लिक्युअर, मद्यार्क 40 च्या आसपास आणि रंग पाण्यासारखा असेल तर ब्रँडी. तरी शंका राहिली तर थेंबभर बोटावर घ्या आणि बोटं एकमेकांना चिकटतात का बघा.

यासाठी जर्दाळू कुठले वापरतात?

ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्स या गावांमधलं डॅन्यूब नदीचं खोरं आहे, वाखाऊ नावाचं. नदीकाठच्या उतारांवर द्राक्षमळे आणि त्यांच्यात जर्दाळूच्या बागा. बाकीचे बहुतेक जर्मन भाषिक जर्दाळूला 'आप्रिकोझं' म्हणतात, ऑस्ट्रियातली माणसं मात्र 'मारिलं' म्हणतात. 'वाखाउअर मारिलं' या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. झाडं एप्रिलच्या सुमारास फुलतात. एखाद्या रात्रीच्या उशिरा पडलेल्या हिमतुषारात त्या वर्षीचं अर्धंअधिक पीक जाऊ शकतं, म्हणून तिथला बागायतदार एप्रिलमध्ये जीव मुठीत धरून असतो. कोकणातल्या आंबा बागायतदारांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको. फळ जुलैच्या आसपास उतरतं.

तिथल्या चांगल्या लिक्युअर जर्दाळूचा रस आणि जर्दाळूचीच भट्टीतून काढलेली ब्रँडी एकत्र करून, वर साखर घालून बनतात. रॉथमन अँड विंटर ही बाटली याच पद्धतीची.

दुसरं मोठं ठिकाण म्हणजे दक्षिण फ्रान्समधला रुसियाँ प्रांत. तिथल्या जर्दाळूच्या सालीवर लाल शिडकावा असतो. 1885 पासून आंजे शहरात असलेली जिफार ही कंपनी त्यापासून लिक्युअर बनवते. बोर्दोच्या मारी ब्रिझार्ड या 1755 सालच्या कंपनीची 'अॅप्री' जुन्या बारटेंडरांच्या खास ओळखीची.

हिला मागून बदामासारखा वास का येतो?

लहानपणी सुकामेव्याच्या डब्यातले जर्दाळू खाऊन झाले की आम्ही बिया जपून ठेवायचो. दुपारी आजी झोपली की ओट्याखालचा बत्ता काढायचा, बी उभी धरायची आणि बेताने ठोका मारायचा. जोरात बसला तर आतला गर चेचून जायचा. नीट फुटली की बदामासारखा छोटा दाणा अख्खा हातात यायचा. बहुतेक दाणे गोड लागायचे, मध्येच एखादा इतका कडू की थुंकून टाकावा लागे.

तो कडवट बदामी वास बेंझाल्डिहाइड या द्रव्याचा. जर्दाळू, बदाम, पीच, चेरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं, म्हणून बियांचा वासही सारखा. इटलीची प्रसिद्ध अमारेत्तो, म्हणजे बदामी चवीची लिक्युअर, 'डिसारोनो' बदामाची समजली जाते, पण तिच्यात बदाम नसतात, जर्दाळूच्या बियांच्या गराचं तेल असतं. फळ कुस्करताना बियांचा थोडा अंश उतरला की लिक्युअरलाही ही छटा येते. माझ्या मते चांगली बाटली ओळखायची ती इथेच. पुढे पिकलेल्या फळाचा आंबटगोड वास, मागे बदामाची बारीक कडवट रेघ. नुसता जॅमसारखा गोड वास आला तर ती बाटली मी बारमध्ये ठेवत नाही.

एक ताकीद मात्र मनापासून. कडू बियांमध्ये अमिग्डॅलिन असतं आणि पोटात गेल्यावर त्याचं सायनाइड बनतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाने एका वेळी कच्च्या लहान बियांचे तीनपेक्षा जास्त गर खाल्ले तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत एक गरसुद्धा जास्त होतो. लडाखमध्ये 'रक्त्से कार्पो' नावाचा गोड, पांढऱ्या बीचा जर्दाळू होतो आणि त्याची बी लोक आवडीने खातात. पण बाजारातून आणलेली बी कुठल्या जातीची ते आपल्याला कळत नाही, म्हणून घरच्या बरणीत बिया फोडून घालू नका.

पेयात किती घालायची?

बहुतेक पेयांना 15 मिली पुरते. लिटरला 250 ग्रॅम साखर धरली तर 15 मिलीमध्ये पावणेचार ग्रॅम साखर येते, म्हणजे जवळपास एक छोटा चमचा. 30 मिली घातली की दोन चमचे होतात, आणि मग लिंबू त्याच मापाने वाढवावं लागतं.

हे मी एका लग्नाच्या आदल्या रात्रीच्या पार्टीत शिकलो. नेहमीची बाटली मिळाली नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची घेतली, चव न बघता जुन्याच मापाने चाळीस ग्लास भरले. अर्ध्याहून जास्त ग्लास निम्मेच पिऊन परत आले. नवी बाटली कितीतरी जास्त गोड होती. तेव्हापासून कुठलीही बाटली उघडली की आधी एक चमचा नुसती पितो, मग एक चमचा लिक्युअर आणि एक चमचा लिंबाचा रस एकत्र करून पितो. लिंबू घातल्यावर फळाची चव पुढे आली तर बाटली चांगली. नुसतं आंबट सरबत लागलं तर तिच्यात साखरेपलीकडे फारसं काही नाही.

सुरुवात कुठल्या कॉकटेलने करू?

पॅराडाइझने. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांनी 1930 मध्ये छापलेल्या संग्रहात ते आहे आणि आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीतही आहे. यादीतलं माप 30 मिली जिन, 20 मिली जर्दाळू लिक्युअर आणि 15 मिली संत्र्याचा रस. बर्फाबरोबर जोरात हलवायचं आणि गार ग्लासात गाळायचं.

या मापाने मला ते गोड वाटतं. मी जिन 45 करतो, लिक्युअर 15, संत्र्याचा ताजा रस 20 आणि वर एक छोटा चमचा लिंबाचा रस. नागपुरी संत्रं मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. त्याच्या रसात मुळातच थोडा आंबटपणा असतो आणि तो जर्दाळूला उचलून धरतो. डब्यातला रस मात्र नको, त्याने सगळं सपाट होतं.

रमबरोबर जमते का?

रमबरोबर तर सगळ्यात छान जमते. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती आणि तहानलेले अमेरिकी लोक बोटीने क्यूबाला जायचे. हवानाचं होटेल नासिओनाल 1930 च्या डिसेंबरात उघडलं, समुद्रकाठच्या मालेकोन रस्त्यावर एका उंचवट्यावर. त्याच हॉटेलच्या नावाचं पेय आहे, होटेल नासिओनाल स्पेशल. चार्ल्स बेकर या अमेरिकी लेखकाने 1939 मध्ये ते छापलं आणि त्यामुळे जगभरच्या बारना त्याची ओळख झाली.

मी करतो ते असं: 45 मिली पांढरी किंवा हलकी सोनेरी रम, 30 मिली अननसाचा रस, 15 मिली लिंबाचा रस, 15 मिली जर्दाळू लिक्युअर. सगळं शेकरमध्ये, भरपूर बर्फ, आणि हाताला शेकर धरवेना इतका गार होईपर्यंत हलवायचं. अननस नीट हलवला की वर पांढुरका, मऊ फेस बसतो. तो फेस ओठाला लागतो तेव्हा आधी अननस जाणवतो, घोट आत गेला की जर्दाळू, आणि रम सगळ्यात शेवटी घशात कळते. अननस पिकलेला घ्या आणि रस त्याच दिवशी काढा. मिक्सरमध्ये फिरवून मलमलच्या फडक्यातून पिळला तरी पुरे.

इथे आपला एक फायदा सांगतो. परदेशी कृतींमध्ये ज्याला 'लाइम' म्हणतात, ते म्हणजे साधारण आपलं कागदी लिंबूच. वेगळं काही आणावं लागत नाही. एका बऱ्यापैकी लिंबातून 15 मिली रस सहज निघतो.

जिनची आणखी कुठली?

पेंडेनिस क्लब. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल शहरात याच नावाचा जुना क्लब आहे. 60 मिली जिन, 20 ते 30 मिली लिक्युअर, 20 मिली लिंबाचा रस आणि पेशोज बिटर्सचे तीन डॅश. बिटर्स म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा कडवट अर्क, आणि डॅश म्हणजे बाटलीचा एक झटका. हे लालसर बिटर्स न्यू ऑर्लीन्सचं, बडीशेपेकडे झुकणारं. जर्दाळू आणि बडीशेप यांचं इतकं चांगलं जुळतं हे मला हे पेय प्यायल्यावरच कळलं. पेशोज नसेल तर अँगोस्तुरा घाला, पण ते दालचिनी-लवंगेच्या बाजूचं आहे, पेयाचा स्वभाव बदलतो.

'चार्ली चॅप्लिन' नावाचं खरंच कॉकटेल आहे का?

आहे. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलच्या बारमधलं, दारूबंदीच्या आधीचं. जर्दाळू लिक्युअर, स्लो जिन आणि लिंबाचा रस, तिन्ही 30 मिली. स्लो जिन ही एका आंबट-तुरट रानफळात मुरवलेली जिन असते.

एंजल फेस हे कॉकटेल लवकर चढतं असं ऐकलं. खरं आहे?

हो, आणि म्हणून हिशेबच मांडतो. त्यात जिन, काल्व्हादोस म्हणजे फ्रान्सची सफरचंदाची ब्रँडी आणि जर्दाळू लिक्युअर प्रत्येकी 30 मिली. रस नाही, सोडा नाही. जिन आणि काल्व्हादोस 40 टक्के, लिक्युअर 24 टक्के धरली तर एका छोट्या ग्लासात 31 मिली निव्वळ मद्यार्क जातो. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलीच्या मोठ्या पेगात साधारण 26 मिली असतो. म्हणजे एंजल फेसचा एक ग्लास मोठ्या पेगापेक्षा जड, आणि फळांच्या वासामुळे ते जाणवत नाही. पाहुण्यांना देताना मी हे तोंडाने सांगतो. एक ग्लास, सोबत पाणी आणि परत जाताना गाडी दुसऱ्याने चालवायची.

व्हिस्की किंवा फेणीबरोबर?

व्हिस्कीबरोबर जरूर, विशेषतः राय या धान्याची मसालेदार व्हिस्की असेल तर. तिथे लिक्युअर 10 मिलीच्या वर नको. धुराच्या वासाच्या स्कॉचबरोबर मला कधीच पटली नाही.

काजू फेणीबरोबर करून बघा, हे माझं स्वतःचं आहे. 45 मिली फेणी, 15 मिली लिक्युअर, 20 मिली लिंबाचा रस, उंच ग्लासात बर्फावर ओतून वर सोडा आणि चिमटीभर मीठ. फेणीचा उग्र, जास्त पिकलेल्या फळाचा वास आणि जर्दाळू एकमेकांना दाबत नाहीत. मीठ विसरू नका. मुंबईतल्या पारशी घरी जर्दाळू घातलेलं मटण खाल्लं असेल तर जर्दाळूला मिठाची जोड किती मानवते हे वेगळं सांगायला नको.

बाटली मिळत नाही. पर्याय काय?

पीचची लिक्युअर बऱ्यापैकी चालते, पण ती जास्त गोड आणि कमी आंबट असते, म्हणून लिंबू थोडं वाढवा. दुसरा पर्याय जर्दाळूचा जॅम. लिंबाच्या रसात एक चमचा जॅम आधी विरघळवा, मग बाकीचं घालून हलवा आणि दोनदा गाळा. अमारेत्तो पर्याय म्हणून घालू नका, तिच्यात फक्त बी आहे, फळ नाही.

घरी करता येते का?

भट्टी लावणं बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतणारंही, तो विषयच नको. विकत घेतलेल्या मद्यात फळ मुरवणं सोपं आहे. 200 ग्रॅम बिनबियांचे सुके जर्दाळू चिरा, काचेच्या बरणीत घाला, वर 500 मिली साधी व्होडका किंवा ब्रँडी ओता. झाकण घट्ट लावून अंधारात ठेवा, एकाआड एक दिवस हलवा. दोन ते तीन आठवड्यांनी मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा. 120 ग्रॅम साखर 100 मिली पाण्यात विरघळवून, पूर्ण गार करून मिसळा आणि आणखी आठवडाभर राहू द्या.

जर्दाळू कुठले घेता त्यावर सगळं अवलंबून आहे. चमकदार केशरी असतात त्यांना गंधकाच्या धुराची प्रक्रिया केलेली असते. तुर्कस्तानातल्या मलात्या भागातून असे जर्दाळू जगभर जातात. ज्यांना दमा आहे त्यांना या गंधकाचा त्रास होऊ शकतो. तपकिरी, सुरकुतलेले, बिनप्रक्रियेचे जर्दाळू दिसायला साधे, पण त्यांच्यात गुळाची आणि मोरांब्याची खोली असते. मी तपकिरीच वापरतो, कारगिलकडचे मिळाले तर उत्तमच. ताज्या फळाचा टवटवीतपणा मात्र सुक्या जर्दाळूत येत नाही, त्यामुळे ही घरची लिक्युअर रम-व्हिस्कीबरोबर शोभते, जिनबरोबर जरा जड होते.

मी दारू पीत नाही. हीच चव मिळेल?

बऱ्याच अंशी. आठ-दहा सुके जर्दाळू रात्रभर कपभर पाण्यात भिजवा, सकाळी त्याच पाण्यासकट वाटा, पाव कप साखर घालून पाच मिनिटं उकळा आणि गाळा. 30 मिली हे सिरप, 20 मिली लिंबाचा रस, 60 मिली अननसाचा रस, बर्फ, सोडा. बदामाची रेघ हवी असेल तर खाण्याच्या बदाम इसेन्सचा एकच थेंब.

उघडलेली बाटली किती टिकते?

साखर आणि मद्यार्क असल्याने ती खराब होत नाही, पण वास उडतो आणि सोनेरी रंग तपकिरी होत जातो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात मी फ्रिजमध्ये ठेवतो आणि सहा-आठ महिन्यांत संपवतो. दरवेळी ओतून झालं की बाटलीचं तोंड कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. नाहीतर साखरेचा थर धरून झाकण अडकतं आणि सकाळी मुंग्यांची रांग लागलेली असते.

महाराष्ट्रात विकत घेताना काही नियम?

मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा आणि कायमचा असे दोन्ही मिळतात. वाइन-बिअरपेक्षा कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षं आहे आणि ही लिक्युअर त्यातच मोडते. गोव्यात वयाची अट 21 आहे. परदेशातून येताना माणशी 2 लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

कॉकटेल सोडून आणखी कशात वापरता येईल?

बाटलीच्या तळाशी 50-60 मिली उरते, पेयाला पुरत नाही आणि टाकवत नाही. तेव्हा मी सात-आठ सुके जर्दाळू गरम पाण्यात तासभर मऊ करतो, पाणी काढून टाकतो आणि उरलेली लिक्युअर त्यांच्यावर ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी वाटीत दोन जर्दाळू, वर घट्ट बांधलेल्या दह्याचा चक्का, साखर न घालता, आणि वाटीत राहिलेला सोनेरी रस वरून.